मिशरी सुटत का नाही?

मैत्रिणींनो, तंबाखूनं कॅन्सर होतो हे आता आपल्यापैकी कुणालाच नव्यानं सांगावं लागत नाही. पुडीवर चित्र असतं, दवाखान्याच्या भिंतीवर पाटी असते, टीव्हीवर तर रोजच दिसतं. तरीही गटाची बैठक संपली, सतरंजी गुंडाळली, की कुणाच्या तरी पदराच्या गाठीतून डबी निघतेच. त्यामुळे या अंकात कॅन्सरचं पुराण पुन्हा लावत नाही. बैठकांमध्ये बायका स्वतःच जो प्रश्न विचारतात तोच घेते. "ताई, सगळं कळतं हो. पण सुटत का नाही?"

प्रश्न खरा आहे. ज्या बाईनं नवऱ्यामागं तीन लेकरं शिकवली, बँकेत मॅनेजरसमोर बसून गटाचं कर्ज मंजूर करून घेतलं, तिचं मन कमकुवत आहे असं मी तरी म्हणणार नाही. मग एवढीशी काळी भुकटी तिला का सोडत नाही? त्याचं उत्तर मनात नाही, मेंदूत आहे. तिथं काय घडतं ते एकदा नीट कळलं, की सोडताना काय होणार आहे हेही आधीच कळतं, आणि मग घाबरायला होत नाही.

त्याआधी एक गैरसमज दूर करू. आशाताई घरी येऊन विचारतात, "तंबाखू खाता का?" आणि आपण सरळ सांगतो, "नाही बाई, मी फक्त मिशरी लावते." खोटं बोलायचं म्हणून नाही, आपल्याला खरंच तसं वाटतं. तंबाखू म्हणजे पुरुष चुना लावून मळतात ती, आणि मिशरी म्हणजे दात घासायचं मंजन! पण मिशरी ही तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूच. भाजल्यानं तिचा वास बदलतो, रंग बदलतो, पण नशेचा पदार्थ तिच्यात राहतोच. उलट भाजताना जी काजळी धरते त्यात कॅन्सर करणारे आणखी काही पदार्थ तयार होतात. कोकणात आणि मुंबईत हिला मशेरी म्हणतात, घाटावर मिशरी. पूर्व विदर्भाकडे गुडाखू, नस, खर्रा अशी वेगळी नावं आणि वेगळे प्रकार आहेत. नाव काहीही असो, आतला मालक एकच. दंतमंजनात किंवा टूथपेस्टमध्ये तंबाखू घालून विकायला केंद्र सरकारनं १९९२ सालीच बंदी घातली आहे. पण घरच्या तव्यावर कोण लक्ष ठेवणार?

२०१६-१७ मध्ये देशभर तंबाखूचं मोठं सर्वेक्षण झालं. त्यात महाराष्ट्रातल्या १०० प्रौढ बायकांपैकी साधारण १७ जणी कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात असं दिसलं. म्हणजे दहा-बारा जणींच्या गटात दोघी तरी. गावात विचारलं तर "आमच्यात कुणी नाही" असंच ऐकू येतं. पुरुषाची तंबाखू चौकात दिसते, बाईची चुलीमागं झाकलेली असते.

झाडाचं विष

या मालकाचं नाव निकोटीन. तंबाखूचं झाड हा पदार्थ आपल्या मुळांत तयार करतं आणि वर पानांत साठवतं. कशासाठी? किडीनं पान खाऊ नये म्हणून. आपल्यापैकी ज्यांनी नैसर्गिक शेतीचं प्रशिक्षण घेतलंय त्यांनी अग्निअस्त्र तयार केलं असेल. गोमूत्र, कडुनिंबाचा पाला, हिरवी मिरची, लसूण, आणि त्यात तंबाखू. ती तंबाखू तिथं का घालतात? किडीच्या नसांवर तिचा घाव बसतो म्हणून. जे फवारताना आपण तोंडाला फडकं बांधतो, तेच सकाळी बोटावर घेऊन हिरडीला चोळतो.

निकोटीन कातडीतूनही अंगात जातं. शेतात तंबाखूची ओली पानं तोडणाऱ्यांना मळमळ, चक्कर, उलटी, डोकेदुखी होते ती त्यामुळेच. हिरडीची आणि गालाच्या आतली कातडी तर फारच पातळ असते आणि तिच्याखाली रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. बिडीच्या धुरातलं निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. मिशरीतलं थोडं सावकाश, काही मिनिटांनी पोचतं, पण ते तोंडातून झिरपत राहतं म्हणून त्याचा अंमल जास्त वेळ टिकतो. तंबाखूत चुना मिसळला की हे झिरपणं वाढतं. चुना चवीसाठी असतो असं वाटतं, पण खरी गोष्ट ही आहे.

मेंदूतली कुलपं

आपल्या मेंदूत कोट्यवधी बारीक पेशी आहेत. त्या एकमेकींना निरोप पाठवतात. निरोप पाठवायला त्यांच्याकडे वेगवेगळे रस असतात. एकीनं रस सोडायचा, तो दुसरीच्या अंगावरच्या कुलपात किल्लीसारखा बसायचा, कुलूप उघडलं की निरोप पुढं. यातल्या एका रसाचं नाव ॲसिटिलकोलिन. नाव अवघड आहे, लक्षात नाही राहिलं तरी चालेल. लक्षात ठेवायचं ते एवढंच की निकोटीन हे त्याच्या किल्लीची हुबेहूब नक्कल आहे. बनावट किल्ली कुलपात बसते, आणि घरच्या किल्लीपेक्षा जास्त वेळ अडकून राहते.

ही कुलपं मेंदूच्या ज्या भागात आहेत तिथून आणखी एक रस सुटतो, त्याचं नाव डोपामिन. भुकेल्या पोटी भाकरीचा पहिला घास, उन्हातून आल्यावर माठातलं पाणी, लेकरानं धावत येऊन मारलेली मिठी, अशा वेळी तो सुटतो. त्याचं काम काय? "हे चांगलं आहे, हे पुन्हा कर" अशी मेंदूत नोंद करणं. ही नोंद नसती तर माणूस जेवायलाही विसरला असता! निकोटीन या नोंदवहीत फसवी एंट्री करतं. अंगाला काहीच मिळालेलं नसतं, तरी वहीत "चांगलं झालं, पुन्हा कर" असं लिहिलं जातं. गटाची वही लिहिणाऱ्या बाईला यातला धोका लगेच कळेल. खोटी एंट्री एकदा झाली तर सापडते, रोज दहा वेळा झाली तर पुढं तिलाच खरी धरून हिशेब चालू होतो.

शिवाय मेंदू नुसती मिशरीची नोंद करत नाही, आजूबाजूचं सगळं तिला जोडून ठेवतो. पहाटेची चूल, चहाचा वास, परसाकडला जायची वेळ, दुपारी खुरपणी थांबवून बांधावर बसलेल्या मैत्रिणी. म्हणून सोडल्यावर महिन्यानंही एखाद्या लग्नघरात चार जणी डबी उघडून बसल्या की बोट आपोआप पुढं जातं. तिथं हौस नसते, ती जुनी नोंद बोलत असते.

आता पुढची गोष्ट. कुलपांवर रोज बनावट किल्ल्यांचा मारा व्हायला लागला की मेंदू गोंधळतो आणि कुलपांची संख्याच वाढवतो. कुलपं वाढली की ती भरायला किल्ल्याही जास्त लागतात. सुरुवातीला सकाळी एकदा लागणारी मिशरी चार-सहा वर्षांत दिवसातून पाच-सहा वेळा का लागते, ते यातून कळेल. लहान वयात तर हे फार लवकर होतं, कारण मेंदू साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. आजीबरोबर गंमत म्हणून बोट फिरवणारी बारा वर्षांची नात आजीपेक्षा लवकर अडकते.

आणि सकाळचं काय? बायका म्हणतात, "उठल्या उठल्या लावली नाही तर डोकं धरतं, काम सुचत नाही." याचा हिशेब सोपा आहे. रक्तातलं निकोटीन साधारण दर दोन तासांनी निम्म्यावर येतं. रात्री दहाला रक्तात १६ रुपये होते असं समजा. बाराला ८, दोनला ४, चारला २, आणि सकाळी सहाला १ रुपया. मेंदूतली सगळी वाढीव कुलपं रिकामी, आणि ती किल्ली मागतात. डोकं जड होतं, चिडचिड होते, लेकरावर हात उठतो. मग मिशरी लावली की दहा मिनिटांत डोकं हलकं! आपल्याला वाटतं मिशरीनं डोकेदुखी बरी केली. पण ती डोकेदुखी आणली कुणी? सावकाराचं व्याज फेडायला त्याच सावकाराकडून नवं कर्ज काढावं, तसा हा प्रकार. बचत गट निघाले ते असल्याच सावकारीतून सुटायला.

आपण किती अडकलो आहोत हे पाहायची एक साधी खूण डॉक्टर वापरतात. उठल्यापासून पहिली मिशरी लावेपर्यंत किती वेळ जातो? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर सवय पक्की आहे. पाच मिनिटांत लागत असेल तर फार पक्की, आणि सोडताना मदत घेतलेली बरी.

अंगात काय होतं

निकोटीन रक्तात गेलं की शरीराला वाटतं संकट आलं. कुत्रं अंगावर आल्यावर छातीत जशी धडधड होते, तसंच थोड्या प्रमाणात. हृदय जोरात पळतं, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, रक्तातली साखर वर येते. एखाद्या वेळी झालं तर शरीर सावरतं. दिवसातून सहा वेळा, वीस वर्षं झालं तर? बीपीची गोळी चालू असलेल्या आणि साखरेच्या औषधावर असलेल्या बायकांनी याचा विचार करावा. गोळी एकीकडं दाब खाली ओढते आणि मिशरी वर ढकलते.

भूक मरते ही आणखी एक गोष्ट. कामाच्या दिवसांत ही बाईला सोय वाटते. सकाळी सगळ्यांचे डबे भरायचे, स्वतः मिशरी लावून शेतात जायचं, दुपारी दोनला भाकरी. पोटानं तक्रार केली नाही म्हणून अंगाला अन्न लागत नव्हतं असं होत नाही. आधीच रक्त कमी असलेल्या बाईचं जेवण त्यात आणखी कमी होतं.

"मिशरीशिवाय पोट साफ होत नाही," हे तर प्रत्येक गावात ऐकायला मिळतं, आणि ते खोटं नाही. निकोटीन आतड्यांना ढकलतं. रोज ढकलून घ्यायची सवय लागलेली आतडी सोडल्यावर आठ-पंधरा दिवस रुसतात. कोमट पाणी, पालेभाजी, थोडं चालणं यावर ती पुन्हा आपली आपण चालायला लागतात. दातदुखीचंही तसंच. मिशरीनं हिरडी थोडी बधीर होते, ठणका कमी वाटतो, आणि त्या झाकणाखाली दात किडत राहतो, हिरडी खाली सरकते, मूळ उघडं पडून दात हलायला लागतो. ज्या दुखण्यासाठी दंतवैद्याकडं वेळेत जायला हवं होतं ते आपण पाच वर्षं दाबून ठेवतो.

गरोदरपणाबद्दल जरा थांबून सांगते. दिवस गेल्यावर मळमळतं म्हणून काही जणी मिशरी वाढवतात. निकोटीन वारेतून सरळ बाळाच्या रक्तात जातं. त्याशिवाय आईच्या रक्तवाहिन्या आकसल्यामुळे बाळाकडं जाणारं रक्त कमी होतं. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास झाला होता, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या तंबाखू घेणाऱ्या बहुतेक बायका मिशरीच लावणाऱ्या होत्या. त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी जन्मली आणि बाळंतपण जवळजवळ सहा दिवस आधी झालं. १०५ ग्रॅम म्हणजे मूठभर तांदूळ, त्यात काय एवढं असं वाटेल. पण अडीच किलोच्या खालचं बाळ कमी वजनाचं धरतात. २,६०० ग्रॅमचं होणारं बाळ १०५ ग्रॅमनं उतरलं की ते त्या रेषेखाली जातं. मग काचेच्या पेटीत ठेवणं, सारखं आजारी पडणं, अंगणवाडीच्या तक्त्यावर मागं राहणं हे सगळं मागोमाग येऊ शकतं. अंगावर पाजताना दुधातूनही निकोटीन जातं. आणि डबी मात्र लेकराच्या हाताला लागेल अशी कोनाड्यात किंवा उशाखाली ठेवू नका. लहान मुलानं चिमूटभर तंबाखू गिळली तरी उलट्या, घाम, झटके येऊ शकतात. असं झालं तर घरगुती उपाय करत न बसता तडक दवाखाना गाठायचा.

एक फरक मात्र समजून घ्यायला हवा. तोंडाचा कॅन्सर मुख्यतः निकोटीन करत नाही. तो तंबाखूतले दुसरे पदार्थ आणि भाजल्यानंतरची काजळी करतात. निकोटीनचं काम आपल्याला दारात बांधून ठेवणं, आणि घाव घालणारे वेगळे. हा फरक पुढं औषधाच्या वेळी कामाला येतो.

सोडताना

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट असतात. डोकं दुखतं, रडू येतं, झोप मोडते, भूक वाढते, कुणी चांगलं बोललं तरी राग येतो. हे आजारपण नाही, ती वाढलेली कुलपं रिकामी बसल्याचा गोंधळ आहे. दोन ते चार आठवड्यांत बराचसा ओसरतो, आणि कुलपंही हळूहळू कमी होतात. मधूनच जी जोराची तलफ येते ती पाच-दहा मिनिटांत उतरते. तेवढा वेळ काढायचा: पाणी प्या, बडीशेप किंवा ओवा चघळा, लवंग धरा, उठून दुसऱ्या कामाला लागा. सुपारी मात्र नको. सुपारीही तोंडाचा कॅन्सर करते, मग सुटका कसली?

सुगीच्या धावपळीत किंवा घरात कार्य असताना सोडायची तारीख धरू नका. चार दिवस निवांत असतील असे निवडा. तव्यावर भाजणं त्या दिवसापासून बंद, डबी घराबाहेर. दात घासायला ब्रश घ्या, कारण बोट हिरडीवर गेलं की मेंदू मिशरीची वाट बघतो.

फार पक्की सवय असेल तर औषध आहे. निकोटीनची च्युइंगम मेडिकलमध्ये मिळते. "निकोटीनच सोडायला निकोटीन?" असं बायका विचारतात. वरचा फरक आठवा. गममध्ये काजळी नाही, इतर विषं नाहीत, थोडं निकोटीन आहे, आणि तेही काही आठवड्यांत कमी करत बंद करायचं असतं. ती साध्या गमसारखी चघळत राहायची नाही. थोडी चावायची, तोंड चुरचुरलं की गालात दाबून ठेवायची, पुन्हा थोडी चावायची. तेवढ्यात चहा पिऊ नका, नाहीतर ती लागू पडत नाही. हृदयाचा त्रास असणाऱ्या, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. फोनवरही सल्ला मिळतो, सरकारची तंबाखू सोडण्याची मदतवाहिनी आहे, १८००-११-२३५६, पैसे पडत नाहीत.

काही गटांनी मिशरीला दंड ठेवला आहे. मला ते पटत नाही. हप्ता चुकला तर दंड ठीक आहे, पण दंडाच्या भीतीनं बाई मिशरी सोडत नाही, लपवते. आणि जी लपवते तिला मदत कशी करणार? त्यापेक्षा ज्या दोघी-तिघींना सोडायची आहे त्यांनी एकाच दिवशी सुरुवात करावी आणि पहिला आठवडा रोज संध्याकाळी एकमेकींच्या घरी डोकावावं. घरच्यांनाही सांगावं, "चार दिवस मी चिडले तर मनावर घेऊ नका." मध्येच एखादी चुकली, एकदा बोट लागलं, तर पुन्हा पहिल्यापासून रडत बसायचं नाही. उद्याची सकाळ कोरी. एकीनं मला विचारलं, दिवसाला दहा रुपये वाचले तर काय मोठं? वर्षाचे ३,६५० होतात. गटाच्या बचतीशी ताडून पाहा.

आणि सोडो वा न सोडो, महिन्यातून एकदा उजेडात आरसा धरून तोंड बघत जा. ओठ ओढून हिरड्या, दोन्ही गालांची आतली बाजू, जीभ वर करून तिच्याखाली. पांढरा किंवा लाल चट्टा, हाताला लागणारी गाठ, कारण नसताना हलणारा दात, तोंड पूर्ण न उघडणं, किंवा दोन-तीन आठवडे झाले तरी न भरणारं तोंडातलं फोड, यातलं काही दिसलं तर थांबू नका. यात दुखतच असं नाही, म्हणूनच बायका उशीर करतात. तीस वर्षांच्या पुढच्या सगळ्यांची तोंडाची तपासणी उपकेंद्रात, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरात, मोफत होते. आशाताई घरी येऊन जो फॉर्म भरतात त्यात तंबाखूचा प्रश्न असतो. त्या वेळी मिशरी लावते असंच सांगा, आणि पुढच्या बैठकीला आशाताईंना बोलावून सगळ्यांच्या तपासणीचा एकच दिवस ठरवून घ्या.